कबुतरवाल्याची साक्ष

आमच्या ताज टेकडीवर कबुतरं पाळणाऱ्याची साक्ष धरत नाहीत. कारण सरळ आहे. कबुतरवाला आपला थवा उडवतो तो दुसऱ्याचं एखादं पाखरू फूस लावून खाली उतरवायला, आणि मग धनी दारात आला की शपथेवर सांगतो, "ते आपणहून आलं." रोज असं बोलणाऱ्याने उद्या खून होताना पाहिला तरी त्याला कोण विचारणार?

मी अम्मानच्या कोर्टात तीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या. न्यायाधीशांनी कुणाला "कबुतरं पाळता का?" असं विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. पण तीस वर्षांत एकही कबुतरवाला साक्ष द्यायला आला नाही, हेही खरं. म्हणजे हा कायदा कुठे लिहिलेला नसला तरी पाळला जात होता. लिहिलेल्या कायद्यांबद्दल मला एवढं छातीठोक सांगता येणार नाही.

आमच्या इमारतीतला कबुतरवाला म्हणजे अबू गालिब. गच्चीवर रस्त्याच्या बाजूला, कठड्याला लागून, त्याचं जाळीचं खुराडं आहे. पाखरं किती ते तो सांगत नाही. नजर लागते म्हणतो. रोज चारच्या सुमारास तो वर जातो, लांब काठीला बांधलेलं काळं फडकं फिरवतो, शिट्ट्या घालतो आणि पाच वाजता सगळं आटोपून खाली येतो. बायको वारल्यापासून दिवसातला हा एवढाच तास तो माणसासारखा दिसतो.

वसंतात त्याच गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर फोन कंपनीची माणसं आली. त्यांची प्रमुख होती सुहैर नावाची इंजिनिअर. तिशीची, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधलेला आणि बोलणं त्याहून घट्ट. तिने कोपऱ्यात एक नळी उभी केली, नळीवर अळंबीच्या आकाराचा पांढरा अँटेना बसवला, आणि अळंबीतून निघालेली काळी तार एका पोलादी कपाटात नेली. कपाटाला जाळीचं दार, आत एक डबा, डब्यावर हिरवा दिवा. अबू गालिब आणि मी हे सगळं हात मागे बांधून पाहत होतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या कामाची देखरेख फुकट होते.

"ही अळंबी कशाला, इंजिनिअरबाई?" अबू गालिबने विचारलं.

"उपग्रहांकडून वेळ घ्यायला, काका."

"वेळ? मग माझं घड्याळ घ्या की. स्विस आहे."

"ते सेकंदाचा दहा लाखावा भाग दाखवतं?"

"मला कधी गरज नाही पडली."

तिने हातातला पाना खाली ठेवला. "टेकडीवरचे सगळे मनोरे एकाच लहरीवर बोलतात. पाळी लावून. सगळ्यांची वेळ तंतोतंत एक असेल तरच एक बोलताना दुसरा गप्प बसतो. वेळ चुकली की सगळे एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही."

"मुख्तारच्या दिवाणखान्यासारखं," मी म्हणालो. मुख्तार म्हणजे आमच्या टेकडीचा वडीलधारा. त्याच्याकडे तंटे मिटवायला जातात आणि वाढवून परत येतात.

ती हसली नाही. तिने टेप लावून काळी तार मोजली आणि तो आकडा डब्यात भरला.

अबू गालिबचे डोळे बारीक झाले. "दोरी किती लांब हे घड्याळाला कशाला सांगायचं?"

"आकाशातून आलेल्या वेळेला तारेतून डब्यापर्यंत उतरायला वेळ लागतो. तेवढा धरावा लागतो."

"किती लागतो?"

"सेकंदाचा एक कोटीवा भाग."

अबू गालिबने माझ्याकडे पाहिलं. जी कंपनी एवढंसं सोडत नाही ती आपली कबुतरं सोडेल का, असं त्या नजरेत होतं. आठवड्याभरात कबुतरं अळंबीवर बसू लागली, तेव्हा सुहैरने येऊन तिच्याभोवती सुया लावल्या. मग त्याची खात्रीच पटली. त्या महिन्यात त्याची तीन पाखरं हरवली होती, ती अळंबीने ओढली असं तो सांगत फिरला. बेकरीवाल्याने त्याला तोंडावर विचारलं, "आणि तुझ्याकडे जी दोन नवी आली, ती कुणी ओढली?"

"ती आपणहून आली."

जूनपासून टेकडीवरचे फोन बिघडले. रोज साडेचारनंतर बोलता बोलता आवाज तुटायचा, माणूस अर्ध्या शिवीवर अडकायचा आणि उरलेली अर्धी पाच वाजता पोचायची. कंपनीत कळलं ते असं: चार वाजता अळंबीला आकाश दिसेनासं होतं, डबा लाल होतो. मग तो काही वेळ स्वतःच्या अंदाजाने वेळ चालवतो, पण उन्हाने तापलेल्या कपाटात त्याचा अंदाज अर्ध्या तासात ढळतो. पाच वाजता पुन्हा सगळं हिरवं. रोज चार ते पाच.

चार ते पाच गच्चीवर कोण असतं, हे आमच्या टेकडीवर तान्ह्या पोरालाही माहीत आहे.

मला मात्र एकट्या अबू गालिबवर संशय घेणं अन्यायाचं वाटलं. मी सगळ्यांवर घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यावर, कारण त्याच्या यंत्राचा आवाज माणसाचा नव्हे. घरमालकीण हाज्जा बद्रियावर, कारण ती अलीकडे गोड बोलू लागली होती. मुख्तारवर तर सवयीने. रोज चार ते पाच मी नेमका खाली कहवाखान्यात पत्ते खेळत असे, नाहीतर स्वतः वर बसून छडा लावला असता.

माझा पत्त्यांतला भिडू होता मिफ्लेह, कंपनीच्याच गाडीचा ड्रायव्हर. अळंबी बसवायला आला तेव्हा त्याला आमचा कहवाखाना दिसला आणि तो कहवाखान्याचाच झाला. रोज चारला पांढरी गाडी बेकरीपुढे, आमच्या इमारतीला अगदी चिकटून लावायची, मरमिय्याच्या सुगंधी पाल्याचा चहा मागवायचा आणि तरनीब खेळायचं. तरनीबमध्ये असा भिडू आयुष्यात एकदाच मिळतो. माझ्या भुवईवरून तो माझ्या हातातली पानं ओळखायचा. माझ्या बायकोला चाळीस वर्षांत भुवईवरून काही ओळखता आलेलं नाही.

"मिफ्लेह, ऑफिसात तुला कुणी विचारत नाही का रे, चारला कुठे असतोस?"

"उस्ताज वासिफ, ऑफिसच्या हिशोबाने मी मरका भागातल्या मनोऱ्यावर असतो. पान टाका."

मी पान टाकलं. कोर्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाने त्यावर आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण हुकमाची राणी माझ्या हातात होती.

जुलैत मुख्तारच्या दिवाणखान्यात निकाल लागल्यासारखाच झाला. सुहैरने गुरुवारपर्यंत अहवाल द्यायचा. त्यात खुराड्याचं नाव आलं तर रविवारी नगरपालिकेची माणसं येऊन ते उचलणार. अबू गालिब त्या बैठकीत शेवटपर्यंत उभा होता.

"दुसऱ्या गच्चीवर ने की," मुख्तार म्हणाला. "माझ्या भावाची रिकामी आहे."

"जुनं पाखरू नव्या घरात राहत नाही, मुख्तार. सोडलं की इथेच येणार. इथे खुराडं नाही पाहून घिरट्या घालणार. मग दमून जिथे बसेल तिथे, ज्याच्या हाती लागेल त्याचं."

"ते आपणहून गेलं म्हण," बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. अबू गालिब चहा न घेता निघून गेला. आमच्याकडे समोर आलेला चहा टाकून जाणं म्हणजे भांडणाची नोटीस.

सुहैर आधी तीनदा सकाळी येऊन गेली होती, मिफ्लेहच्याच गाडीतून. तेव्हा सगळं हिरवंगार. बुधवारी ती कुणालाही न कळवता स्वतःच्या छोट्या गाडीने बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी आली. कहवाखान्याच्या खिडकीतून मिफ्लेहने तिला पाहिलं. त्याचा हात पत्त्यावर थबकला.

"आली वाटतं चोर पकडायला," तो म्हणाला. "चला उस्ताज, मदत करू. नाहीतर इथे बसलेला दिसलो तर वाईट दिसेल."

आम्ही वर गेलो. डबा लाल होता. सुहैरच्या हातात एक यंत्र होतं, पंखासारखी सपाट जाळी आणि खाली पडदा. ज्या दिशेने लहरींचा गोंगाट येतो त्या दिशेला पडद्यावरची रेघ उंच होते, असं तिने सांगितलं. ती हळूहळू वळत गेली. दंतवैद्याकडे रेघ बसकी. मुख्तारच्या घराकडे बसकी. मला वाईट वाटलं. रस्त्याच्या कठड्याकडे, खुराड्याच्या दिशेला, रेघ ताडकन उभी राहिली.

"हाच तो!" मिफ्लेह ओरडला. "बघा, मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. आत काहीतरी लपवलंय याने!"

अबू गालिबने काठी खाली ठेवली आणि स्वतःच खुराड्याचं दार उघडलं. सुहैर वाकून आत शिरली. एक जुना रेडिओ निघाला, तो बंद केला. दिवा लालच. दाण्याचे डबे निघाले, औषधाच्या बाटल्या, अंड्यांवर बसलेली एक मादी. तिने सुहैरच्या मनगटाला चोच मारली. आणखी काही नाही. सुहैर बाहेर आली, रुमालावरची पिसं झटकली आणि पुन्हा यंत्र फिरवू लागली.

"बाई," अबू गालिब म्हणाला, "मी एक सांगू? तुमचा तो दिवा मी महिनाभर पाहतोय. तुमच्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून पाहतोय. खाली ती पांढरी गाडी लागली की दिवा लाल होतो. गाडी गेली की हिरवा. शुक्रवारी सुट्टी असते, गाडी येत नाही, दिवाही लाल होत नाही."

"कुठली पांढरी गाडी?"

"ही काय. तुमचीच."

सुहैरने कठड्यावरून खाली पाहिलं. मग मिफ्लेहकडे. "तुम्ही मरकाला होतात ना?"

"होतोच. तुमच्या पाठोपाठ आलो, वाटेत पाव घ्यायला थांबलो."

तिने फोनवर पाहिलं. "तुमच्या गाडीचा माग साडेतीनलाच पुसलाय. ऑफिसात दिसत नाही."

"गाडीतलं ते मशीन रोजच झोपतं हो. सगळ्यांना माहीत आहे."

"रोज चारला येतो हा," अबू गालिब म्हणाला.

मिफ्लेह खो खो हसला. "बाई, अहवालात काय लिहिणार? कबुतरवाल्याने सांगितलं म्हणून? या टेकडीवर शेंबड्या पोराला विचारा, याची साक्ष कुणी धरतं का!"

हे खरं होतं. सुहैरही याच शहरात वाढलेली. तिच्या चेहऱ्यावर ते उमटलंच. तिने यंत्र खाली केलं. वर थवा फिरत होता. खाली उतरायची खूण अबू गालिबने दिली नव्हती.

"शपथ घेऊन सांगता?" सुहैरने मिफ्लेहला विचारलं.

"शपथ? मी आज तुमच्या आधी इथे आलो असेन, तर माझ्या बायकोला..."

मला ही शपथ ठाऊक होती. आमच्याकडचे पुरुष रागात तीच घेतात: खोटं बोललो तर बायकोला तलाक. कोर्टात अशा शपथेची प्रकरणं मी चारशे पानांची पाहिली आहेत. शिवाय मिफ्लेहच्या बायकोच्या हातची भरलेली कोवळी वांगी मी खाल्ली होती. त्या बाईचा संसार माझ्या डोळ्यांदेखत, पावाच्या निमित्ताने मोडायला निघाला होता.

"थांब, गाढवा!" मी ओरडलो. "तलाकचं तोंडातून काढू नकोस. चारला माझ्यासमोर बसून तू हुकूम बोललास."

मिफ्लेहने माझ्याकडे पाहिलं. माझ्या भुवईत त्याला जे दिसायचं ते या वेळी दिसलं नव्हतं.

"उस्ताज वासिफ," सुहैर म्हणाली, "आज फक्त?"

"रोज. चार ते पाच. शुक्रवार सोडून."

तिने हात पुढे केला. "किल्ली."

खाली गाडीत, सिगारेट पेटवायच्या भोकात, अंगठ्याएवढी काळी वस्तू खोचलेली होती. वर इवलीशी दांडी. बाजारात मिळते म्हणे. लावली की गाडीला आकाश दिसत नाही, मग ऑफिसला गाडी दिसत नाही. आसपास आणखी कुणाला आकाश दिसेनासं होतं, हे विकणारा सांगत नाही. सुहैरने ती उपटली. आम्ही तिघं खालीच उभे राहिलो. काही मिनिटांनी वरून अबू गालिबचा आवाज आला:

"हिरवा!"

मिफ्लेहची दुसऱ्या शहरात बदली झाली. अहवालात खुराड्याचा उल्लेख आला नाही. रविवारी नगरपालिकेचं कुणी फिरकलं नाही.

आता चार वाजता कहवाखान्यात माझ्यासमोर कुणी बसत नाही. लोक म्हणतात, वासिफ महिनाभर सगळं जाणून गप्प बसला, त्यात याचाही काही हिस्सा असणार. बेकरीवाला मला पाव देताना आता दोनदा मोजून देतो. म्हणून एके दिवशी मी चारला गच्चीवर गेलो. अबू गालिबने मला उलटी बादली बसायला दिली, दाण्याचा डबा माझ्यापासून लांब सरकवला आणि विचारलं,

"तू का बोललास रे त्या दिवशी?"

"वांग्यांसाठी," मी म्हणालो.

त्याला पटलं नाही. "खरं सांग. कुणाचं पाखरू हवंय तुला?"

"कुणाचंच नको."

"सगळे असंच म्हणतात."

पाच वाजेपर्यंत आम्ही बसलो. थवा उतरला, त्याने दार लावलं, आणि मी निरोप घेऊन जिना उतरू लागलो. वळणापर्यंत आलो असेन, तेव्हा वरून दार पुन्हा उघडल्याचा आवाज आला. तो हलक्या आवाजात पाखरं मोजत होता. सत्तेचाळीसला अडखळला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.