तेल प्यायलेला दस्ता

मी एक जुना दस्ता आहे, मित्रांनो. शिकारीच्या बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकवतात ना, तोच मी. माझं बोलणं जरा कडू लागेल. गोड ऐकायचं असेल तर नळीकडे जा, कौतुक सगळं तिच्याच वाट्याला आलं. बार उडाला की लोक म्हणायचे, "काय बंदूक आहे!" आणि बघायचे लोखंडाकडे. धक्का मात्र मी खायचा.

मी अक्रोडाचा. एका सुताराने मला मालकांच्या मापाने घडवलं. त्यांची मान भलतीच लांब. सुतार त्यांना पुन्हा पुन्हा नेम धरायला लावी, मला थोडं तासी आणि करवादे, "मान आहे की उंटाची? लाकूड पुरायचं नाही अशानं!" शेवटी मी त्यांच्या खांद्यावर अस्सा बसलो! गाल टेकून टेकून माझ्या कडेला एक उथळ खळगा पडला. त्यांचा घाम, तंबाखूचा वास, सगळं मी मुरवून घेतलं.

मग ते गेले. बंदूक कोपऱ्यात उभी राहिली. मालकीणबाई दर आठवड्याला तेलाची बाटली घेऊन बसत. सढळ हाताने तेल घालत, पुसत आणि कोणी बघत नाही असं पाहून त्या खळग्यावर गाल ठेवत. "गंजू द्यायची नाही मी तुमची बंदूक," असं पुटपुटत. लोखंड खूश! पण उभ्या बंदुकीतलं जास्तीचं तेल खाली झिरपतं, मित्रांनो, आणि खाली कोण? मी. काळा पडलो, आतून मऊ झालो. तोंड असतं तर बोंब मारली असती.

पुढे मुलाला शिकारीचा नाद लागला. त्याने पहिलाच बार काढला आणि मी मुठीपाशी कडकन मोडलो.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने सरस लावून पाहिला. छे! "तेल प्यायलंय हे लाकूड. सरस धरायचा नाही. इतकं तेल घातलं कोणी?"

मुलगा "कोण जाणे, जुनीच आहे," म्हणाला. तेव्हा मला तो फार आवडला.

मग सुरू झाली वणवण. ही बंदूक बनायची कधीच थांबलेली. एका दुकानातला दस्ता हिला सैल, दुसऱ्यातला चिरलेला. एकाने तर प्लॅस्टिकचा पुढे केला. मुलगा हात हलवत घरी आला की आई म्हणे, "जुनाच चिकटव ना रे. तुझ्या बाबांचा गाल आहे त्यावर."

"चिकटत नाही गं," एवढंच तो म्हणे.

शेवटी भंगारात निघालेल्या एका बंदुकीचा दस्ता मिळाला. कुणा आखूड मानेच्या माणसाचा असावा. घासूनपुसून मुलाने तो बसवला. तेवढ्यात आई बाटली घेऊन आली. "आण इकडे, यालाही तेल घालते."

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "तुझ्या तेलानंच सडला तो! मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला."

आईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मग इतके दिवस मला चिकटव, चिकटव म्हणू दिलंस होय रे?"

त्याने बंदूक उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली.

माझे दोन्ही तुकडे तिने आपल्या कपाटात ठेवले. एकदाच बाहेर काढले, मांडीवर जुळवले आणि खळग्यावर गाल ठेवला. "नुसत्या तेलाचा वास येतोय," ती म्हणाली. "त्यांचं काहीच ठेवलं नाही मी." आणि रडली. तिथे माझाही कडूपणा संपला, कारण तिच्यावर रागावू कसा?

मित्रांनो, वस्तू जपा, पण कशी जपायची ते आधी कुणाला तरी विचारा. आणि कुणी मायेपोटी वस्तूचं वाटोळं केलंच, तर ते वेळेवर, हळू आवाजात सांगा. माझ्या जागी दुसरा दस्ता मिळाला, बंदूक झकास उडते. कपाटाच्या फटीतून मला तो कोपरा दिसतो. आई रोज तिथला केर काढते, पण बंदुकीला झाडूसुद्धा लागू देत नाही.