पिवळ्या कागदावरचं माझं अक्षर

ग्लेन टॅकेटनं माझा केसानं गळा कापला, हे मी टोलेडोत कुणालाही सांगायला तयार आहे. भर चौकात सांगेन, चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगेन. एकाच माणसापुढे मात्र माझी बोबडी वळली, तेही सांगते. पण आधी ग्लेनचं.

एकोणीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. मग शाळाच बंद झाली. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? मला एक घर हवं होतं, एकच. पडकं का असेना, माझ्या नावावर. डागडुजी करून भाड्यानं दिलं की म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको, एवढाच हिशोब. आमच्या पोलिश वस्तीत तेव्हा अशी घरं मिळेल त्या भावात जात होती.

अशी जुनी घरं घेणाऱ्यांचा एक क्लब महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पॅनकेकच्या हॉटेलातल्या मागच्या खोलीत जमायचा. दारात छातीवर लावायला चिठ्ठी देत. वर नाव लिहायचं, खाली धंदा. मी नुसतं 'लोरीन' लिहून कोपऱ्यात उभी राहिले.

"खालची ओळ रिकामी का?" ग्लेननं विचारलं. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफी, जिभेवर मध.

"अजून एकही घर घेतलं नाही मी."

"मग काय झालं? लिही, 'घरं घेते'. आधी गावाला कळू दे, घर आपोआप येतं."

मी लिहिलं. काय बरं वाटलं मला ते वाचून, आता लाज वाटते सांगायला.

आमचं ठरलं ते असं. पैसा आणि बोलणं त्याचं, मेहनत आणि वस्तीतली ओळख माझी. पहिलं घर माझ्या नावावर, पुढची निम्मी निम्मी. कागद केला नाही. दर बैठकीला शेजारी बसून सिरप ओतणाऱ्या माणसाकडे कागद कसा मागायचा?

शुक्रवारी संध्याकाळी पालिकेची माणसं घरी गेली की आम्ही चौकाचौकात खांबांवर पाट्या ठोकायचो, 'घर घेतो, रोख'. रविवारी रात्री काढून आणायच्या, म्हणजे दंड नाही. शिडीवर मी, खाली हातोडी द्यायला तो. त्याचा गुडघा दुखायचा म्हणे.

खरं काम मात्र पत्रांचं. "छापील पत्र थेट कचऱ्यात जातं," ग्लेन म्हणायचा, "हातानं लिहिलेलं माणूस फोडतोच." माझं अक्षर शाळेतल्या नन बायकांनी पट्टीनं बोटं फोडून वळवलेलं. सरकारी कचेरीतून तो याद्या आणायचा, म्हातारे मालक, घरावर कर्ज नाही, पण कर थकलेला. मी रोज तीस पत्रं लिहायची, पिवळा रेघांचा कागद आणि निळं पेन. 'मी लोरीन. याच वस्तीत वाढले. तुमचं घर विकायचं असेल तर मला घ्यायला आवडेल. मी कंपनी नाही, तुमची शेजारीण आहे.' खाली फोन नंबर ग्लेनचा.

"तुला भाव बोलता येत नाही, लोरीन. समोरची बाई रडायला लागली की तूच चार पैसे जास्त देशील," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. म्हणून नाव माझं, नंबर त्याचा. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

सात महिने गेले. विचारलं की उत्तर एकच.

"आला का कुणाचा फोन?"

"नाही गं. धीर धर. शंभरात एखादा येतो."

मी धीर धरला आणि आणखी कागद आणले.

मग तो रविवार. प्रार्थना आटोपून मी हॅटी मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण, एक्याऐंशी वर्षांची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचं घर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. मागच्या दारानं आत शिरले तर जिन्यावर खोकी रचलेली, आणि मावशी एक भांडं पोटाशी धरून वर चढतेय.

"मावशी, हे काय चाललंय?"

"बरं झालं आलीस, ते जड खोकं घे. खालचा मजला रिकामा करतेय. भाडेकरू ठेवायचा तर जागा नको का तुला?"

"मला?"

"आता कशाला लाजतेस? केली मी सही." ती पायरीवर टेकली. "तुझं पत्र आलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, पोरीला तोंडानं मागायची लाज वाटली. फोन केला तर तुझा तो ग्लेन आला, येताना बेकरीतून पोंचकी, आपले ते जॅम भरलेले डोनट, घेऊन. म्हणाला, लोरीनला नात्यात पैशाचं बोलायला अवघड जातं, खरेदीखत होईपर्यंत विषय काढू नका. मीही नाही काढला. भाव तो सांगेल तो. तुझ्याकडून जास्त घेऊन मी कुठे नेणार आहे? मी वर राहीन, खाली तुझा भाडेकरू. कागद बघ, दहा डॉलर इसार पण दिला त्यानं."

मी कागद बघितला. माझं नाव कुठेच नव्हतं. 'ग्लेन टॅकेट किंवा तो ज्याला हा करार देईल तो.' मावशीनं वर राहण्याबद्दल एक अक्षर नाही. घर पूर्ण रिकामं करून द्यायचं, गुरुवारी. तिला मी काहीच बोलले नाही, खोकं उचलून वर नेऊन ठेवलं. आधी त्याला गाठायचं होतं. फोन उचलेना. मंगळवारी क्लबात गेले.

खोली भरली होती, सगळी नवी माणसं वह्या उघडून बसलेली. ग्लेन पुढे उभा, आणि त्याच्या मागे भिंतीवर, पडद्याएवढं मोठं, माझं पत्र.

"जाहिरातीवर हजारो उडवू नका," तो सांगत होता. "या एका पत्रानं मला सात महिन्यांत नऊ करार मिळवून दिले."

"नऊ?" मी मागून विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याची पापणी लवली नाही. "ही बघा, पत्र लिहिणारी. टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. माझ्यासाठी.

कॉफीच्या टेबलापाशी मी त्याला धरला. "कुणाचाच फोन नाही म्हणालास. नऊ घरं घेतलीस?"

"एकही घेतलं नाही. करार करायचा आणि तो पुढे विकायचा, यात घर कुणाला लागतं? पेन-पाकिटांचे पैसे दिले की तुला."

"हॅटी माझी मावशी आहे, ग्लेन."

"माहितीये. तिनंच सांगितलं. म्हणून तर काम पटकन झालं." कॉफीत साखर ढवळत, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. "करार टेक्सासच्या कंपनीला गेलाय. त्यांना रिकामं घर हवंय. वकिलाकडे जायचं तर जा, पण पत्रावर सही तुझी आहे, माझी नाही."

थोबाडीत द्यावी असं फार वाटलं. नाही दिली. गाडीत बसून रडले, रागानं आणि लाजेनं. बाकीच्या आठ घरांतही लोकांनी 'शेजारीण' वाचूनच दार उघडलं असणार.

बुधवारी सकाळी मावशीला सगळं सांगितलं. ग्लेन, नऊ करार, टेक्सास. सांगताना मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की मावशीनं दोनदा छातीवर क्रॉसची खूण केली. शेवटी म्हटलं, "उद्या खरेदीखतावर सही करायची नाही. खटला भरेल तो, भरू दे."

"भरू दे की. कोर्टाची तारीख लागेपर्यंत मी वर पोचलेली असेन, देवाकडे." ती शांत होती. मला वाटलं, सुटलो आपण. मी उठून खोकी खाली आणायला निघाले, तर ती म्हणाली, "बस जरा."

तिनं टेबलाच्या खणातून पाकीट काढलं. "हा पत्ता कुणी लिहिला?"

अक्षर तर माझंच होतं. मी म्हणू शकले असते की दिवसाला तीस पाकिटं, कोण पत्ते वाचतं, डोळे मिटून लिहीत गेले. सोमवारपासून तेच ठरवून ठेवलं होतं. पण त्या बाईनं मला वाढवलंय, तिच्यापुढे ते तोंडातून निघेना.

"मीच, मावशी."

"दिसलं होतं तुला, माझं घर आहे ते?"

"दिसलं होतं." जीभ जड झाली होती. "नाव वाचून थांबले होते. तुझा कर थकलाय हे मला त्या यादीतूनच कळलं. वाटलं, तुला विकायचं असेल तर... मला एक घर मिळेल. ग्लेन बोलेल, मला मागावं लागणार नाही."

"कर थकलाय हे कळल्यावर तू मला विचारायला नाही आलीस."

"नाही."

मावशीनं पाकिटावरून अंगठा फिरवला. "तो ग्लेन तर परका माणूस. तू तिकीट लावून पोस्टात टाकलंस, लोरीन. दोन गल्ल्यांवर राहतेस तू."

मी उठून जिन्यावरच्या खोक्याला हात घातला.

"खोकी राहू दे," ती म्हणाली. "शेजारचा पोलंस्कीचा मुलगा आणेल खाली. आणि जाताना मागच्या दाराची चावी टेबलावर ठेवून जा."