शून्याखालची खूण

मित्रांनो, मी एक जुनी नोंदपेटी आहे. लसी ठेवतात त्या थंड खोलीच्या भिंतीवर मला टांगलेलं आहे. दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान टिपून ठेवणं एवढंच माझं काम. गोष्ट कारखान्यापासून सुरू करायला हवी हे मला कळतं, पण मला आधी तो मंगळवार आठवतो.

त्या दिवशी मास्तर माझी बॅटरी बदलायला आले. मास्तर म्हणजे इथली उपकरणं दुरुस्त करणारे. त्यांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. झाकण उघडून ते मऊ ब्रशने धूळ काढत होते, तेवढ्यात भांडार सांभाळणाऱ्या बाई दारातून म्हणाल्या, “मास्तर, आकड्यांना हात नाही लावायचा हं. फक्त बॅटरी.”

“फक्त बॅटरी, बाई,” मास्तर हसून म्हणाले.

त्यांना न्यायला आलेली त्यांची मुलगी दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. तिने ते ऐकलं आणि मान खाली घालून मोबाइल बघत राहिली. मास्तरांनी झाकण लावलं, माझ्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि दोघं घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना फोन आला. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

आता पहिल्यापासून सांगते. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तो कधीच बंद पडला. माझं बोलणं समजणारा प्रोग्रॅम एका जुन्या कॉम्प्युटरवर होता. तो कॉम्प्युटर जळाला आणि मी मुकी ठरले. खरं तर मी बोलतच होते, ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. माझी भाषा फक्त एक आणि शून्य यांची. त्यांचे आठ-आठचे घोळके करून मी पाठवते. अशा एका घोळक्याला बाइट म्हणतात. कुठला बाइट घड्याळाचा, कुठला तापमानाचा, हे मी सांगत नाही. ते ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

मला भंगारात काढायचं ठरत होतं. मास्तरांनी वायर जोडली आणि रोज माझ्यापुढे येऊन बसले. माझ्या तारेच्या टोकावर कधी तळहात ठेवायचे, कधी बर्फाचा तुकडा, आणि कुठले बाइट बदलतात ते बघायचे. तापमान मी दोन बाइटमध्ये सांगते, हे त्यांना लवकर कळलं, पण आकडे काही जुळेनात. अकराव्या दिवशी ते एकदम मोठ्याने हसले. “अहो बाई, आकड्यात आपल्याकडे मोठ्या किमतीचा, म्हणजे थोरला, आधी बोलतो. हिच्याकडे धाकटा आधी बोलतो आणि थोरला मागून येतो!”

“मग बरं चाललंय की तिच्या घरी,” बाई म्हणाल्या.

माझ्यासारखी आणखी बरीच उपकरणं होती आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. प्रत्येकासाठी हाताने कोड लिहायचा म्हणजे चुकांना आमंत्रण. म्हणून मास्तरांनी एक प्रोग्रॅम केला. त्याला फक्त एक तक्ता द्यायचा: कितवा बाइट, किती लांब, कशाचा, कुठला आधी. त्या तक्त्यावरून वाचायचा कोड तो आपण होऊन लिहायचा, आणि माझं घड्याळ लावायचा, इशाऱ्याची मर्यादा भरायचा कोडही. मास्तर म्हणत, “तक्ता खरा, तर कोड खरा. तक्ता चुकला, तर हा पठ्ठ्या तीच चूक अगदी बिनचूक करणार.”

म्हणून त्यांची एक शिस्त होती. तक्ता आधी कागदावर लिहायचा. मग एकाने सांगायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटरवर भरायचं, आणि भरलेली ओळ मोठ्याने परत वाचायची. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा भरायला मुलगी येऊ लागली. तिचं शिक्षण संपत आलं होतं आणि नोकरीच्या मुलाखती सुरू होत्या.

माझ्या तक्त्यात सुधारणा चालली होती, तो दिवस. ओळीमागून ओळ, “परत वाच,” “परत वाच.” ती वैतागली होती.

“तापमान. दोन बाइट. धाकटा आधी. शून्याखाली जातं, ती खूण कर. केलीस?”

“केली, बाबा.”

“परत वाच.”

“बाबा, पुरे आता! केली म्हटलं ना.”

मास्तरांनी पुढची ओळ सांगितली. खूण झाली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात थंड करणारं यंत्र अडकलं आणि खोली शून्याच्या अर्धा अंश खाली गेली. मी खरं तेच सांगितलं. पण खूण नव्हती, म्हणून आकडा शून्याखालीही जातो हे कोडला ठाऊकच नव्हतं, आणि त्याने ते सहा हजार पाचशे त्रेपन्न अंश असं वाचलं. असा अशक्य आकडा आला की वायरचा दोष समजून मागचाच आकडा पडद्यावर ठेवायचा, असा इथला रिवाज. पडद्यावर दोन अंश दिसत राहिले आणि लसी गोठत राहिल्या. बाईंनी एक कुपी हलवून बघितली, तळाशी कण बसले, तेव्हा कळलं. कुठल्याही बाळाला ती लस टोचली गेली नाही, पण सगळे खोके फेकावे लागले.

चौकशीत मास्तर म्हणाले, “तक्ता माझा आहे.” एवढंच. त्यांच्याकडून कॉम्प्युटरचं काम काढून घेतलं. सहा वर्षं ते बॅटऱ्या बदलत राहिले. मुलीला नोकरी लागली होती.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला जपा, पण त्याने सांगितलेलं नीट ऐका. आणि कुणी “परत वाच” म्हटलं, तर परत वाचा. त्याला फार वेळ लागत नाही.

मास्तर गेल्यावर महिन्याभराने नवी पेटी आली. मला उतरवण्याआधी माझ्यातल्या जुन्या नोंदी काढून घ्यायच्या होत्या. त्यासाठी मास्तरांच्या प्रोग्रॅमला तक्ता नव्याने द्यायला हवा होता, आणि ते कुणालाच जमेना. बाईंनी मुलीला बोलावलं. ती आली. तिच्या हातात घडी घातलेला एक कागद होता, वडिलांच्या कपाटात सापडलेला माझा तक्ता. एकेक ओळ भरून ती मोठ्याने परत वाचत होती. बाई शेजारी उभ्या राहून कागद बघत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“अगं, हीच ना ती ओळ? पण इथं तर त्यांनी बरोबर लिहिलंय. शून्याखाली जातं म्हणून.” त्यांनी कागद उचलून तारीख बघितली. “चौकशीच्या आधीचा आहे हा. मग दाखवला का नाही त्यांनी?”

मुलगी पडद्यावरच्या त्याच ओळीकडे बघत राहिली.

“असो,” बाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. “कॉम्प्युटरवर भरताना राहिलं असेल. वय झालं होतं गं मास्तरांचं.”

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. कोड तयार होता, एक बटण दाबायचं होतं. तिने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

“मावशी, ते बाबांनी नव्हतं भरलं. मी भरलं होतं. त्यांनी खूण केलीस का विचारलं, आणि मी न करताच केली म्हणाले.”