कवडूचा बीम

“पोती फेकू नका, ठेवा! हळू, एकाला एक लावून!” रक्षा पोर्चखालून ओरडली. गच्चीवरच्या हमालांनी सरकीचं पुढचं पोतं असं अलगद ठेवलं, की जणू आत कोणाचं तान्हं झोपलं होतं.

बापूजी शेठ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. देवळीत सरकी-ढेपेचा एवढा मोठा व्यापार दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि स्वतःची पोती स्वतःच्याच डोक्यावर रचून घेणारा व्यापारीही दुसरा नव्हता. पण सून रक्षा पडली इंजिनियर, वर्ध्याच्या कॉलेजात पोरांना शिकवणारी. तिला आणि तिच्या नवऱ्याला, योगेंद्रला, पोर्चवर दोन खोल्या हव्या होत्या, आणि पोर्चचा बीम तर मधोमध खाली आलेला. आजचा नाही, चौऱ्याण्णव सालापासून आलेला.

बीमच्या पोटाला रक्षाने घड्याळासारखं एक यंत्र टेकवलं होतं. तबकडीत एकच काटा. वर वजन वाढलं की बीम जेवढा वाकेल तेवढा काटा सरकणार. दुसऱ्या दिवशी पोती उतरवायची. काटा मागे आला तर बीम धड, नाही आला तर घण घालून पाडायचा.

“वाकून राह्यला ना तो!” बापूजी म्हणाले.

“वाकू द्या, बाबा. न वाकणारा बीम जगात नसतो. वजन काढल्यावर परत येतो का, ते पाहायचं.”

बीमखाली दोन बोटं जागा सोडून सागाच्या बल्ल्या उभ्या होत्या. बीम तुटलाच तर त्यांच्यावर टेकावा म्हणून. त्या बल्ल्यांना पाचर मारत होता कवडू मिस्तरी. ज्याने पोर्च बांधला त्यालाच बोलवा, असा रक्षाचा हट्ट होता. बापूजी म्हणाले होते, “तो आता काम नाई करत.” तिने परस्पर निरोप धाडला.

काम करत नाही, हे खरं. काम कोणी देत नव्हतं, हे जास्त खरं. मी समोरच राहतो, म्हणून सांगतो. वर्षालीच्या, म्हणजे बापूजींच्या लेकीच्या लग्नात हा बीम खाली आला. तेव्हा भर पंगतीत बापूजी हसत म्हणाले होते, “मिस्तरी कच्चा निंगला!” पंगतीला अर्धी देवळी होती. उरलेल्या अर्धीला संध्याकाळपर्यंत कळलं. त्यानंतर कवडूला कोणी स्लॅब दिला नाही. त्याने कोंबड्यांची खुराडी बांधली, गोठ्यांना गिलावा केला, पुढे कापसाच्या जिनिंगवर रखवाली धरली.

आणि बीम मात्र गावात गाजला. गच्चीवर काचेची गोटी कुठूनही सोडा, वळून मध्येच यायची. उभी केलेली सायकलसुद्धा आपोआप मध्ये येते म्हणे. ती मी पाहिली नाही, पण उन्हात बसायला बकरी नेमकी तिथेच यायची, ती पाहिली आहे. अंगणात पोरं क्रिकेट खेळत. चेंडू बीमच्या पोटाला लागून भलतीकडे उडाला की सगळी ओरडत, “कवडूले लागला! नॉट आऊट!” त्यातल्या कित्येक पोरांना कवडू नावाचा माणूस आहे, हेही ठाऊक नव्हतं.

पोती चढवायच्या त्या दिवशी घरून निघताना पंचफुला, कवडूची बायको, त्याला म्हणाली होती, “एक डाव तरी तोंड उघडजा. मी मेल्यावर उघडसान काय?”

शेवटचं पोतं चढलं. रक्षाने काटा पाहिला आणि सहज विचारलं, “काका, स्लॅब टाकल्यावर टेकू कधी काढले होते?”

कवडूच्या हातातला हातोडा थांबला. त्याने बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी आभाळाकडे पाहिलं.

“यंदा कापूस लवकर फुटते असं दिसते,” बापूजी म्हणाले.

“बाबा, मी टेकूचं विचारते आहे.”

“जुनी गोष्ट आहे, बाई,” कवडूच म्हणाला. “कोणाच्या ध्यानात राह्यते?” त्याने पाचरेवर उगाच एक घाव घातला आणि सायकल काढून निघून गेला. पंचफुलेला त्याने काय सांगितलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पोती उतरली. दुपारपर्यंत सगळे पोर्चखाली ताटकळले. कवडू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. काट्याकडे तो पाहतच नव्हता, रक्षाच्या तोंडाकडे पाहत होता. काटा मुंगीच्या चालीने मागे येत होता. अखेर तो आला. अगदी मूळ जागेवर नाही, केसभर अलीकडे. पण रक्षा हसली.

“उत्तम आहे बीम. सळई, माल, सगळं चोख. काका, वरच्या खोल्या तुम्हीच बांधा.”

“मले आता एका ओळंब्याचे दोन दिसते, बाई.”

“पण मग तेव्हा खाली का आला हा? इतका चांगला बीम असा उगाच नाही येत.”

बापूजी खुर्चीत सावरून बसले. “अवो,” त्यांनी आत हाक मारली, “चहा ठेवा ना सगळ्याइले!”

“ठेवला हाय,” कौशल्याबाई दारातूनच म्हणाल्या. “उकळून राह्यला. तंवर तुमी सांगा तिले.”

“काय सांगू?”

“वरात यायची होती अन् पोर्चात बल्ल्याइचं जंगल. स्लॅबले आठ दिस बी नोयते झाले, कच्चाच होता. हा मिस्तरी हात जोडून नाई म्हणत होता. तुमी म्हटलं, तू नाई काढत तं माह्ये हमाल काढतीन, सब्बलीनं.” त्या कवडूकडे वळल्या. “खरं का खोटं, मिस्तरी?”

कवडूने खाली पाहत मान हलवली. “हमालाइनं एकदम पाडल्या असत्या, माय. वऱ्हाडावर पडलं असतं सारं. म्हणून म्याच काढल्या, एक एक.”

रक्षा सासऱ्यांकडे पाहत राहिली. तिने काही म्हटलं असतं तर बापूजींना बरं पडलं असतं.

“म्याच काढाले लावल्या,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता, की मला समोरच्या ओट्यावरून उठून पुढे यावं लागलं.

कवडू उठला. टॉवेल झटकला. “घरात बोलून काय होते, शेठजी? माह्यं नाव तं बजारात गेलतं.”

चहा न घेता तो फाटकाकडे निघाला. कौशल्याबाई कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा बापूजी उठले. चपला न शोधता, अनवाणीच, झपझप पुढे गेले आणि त्यांनी फाटकाला टेकवलेली कवडूची सायकल धरली. कवडूला वाटलं, आता ही सायकल शेठ आत लोटतात की काय. पण बापूजींनी ती रस्त्यावर काढली आणि बाजाराच्या दिशेने ढकलायला लागले.

बाजारात जीपशिवाय कधी न उतरलेला माणूस तो. दुपारचा डांबरी रस्ता पाय भाजत होता. धोतराचा सोगा साखळीला लागून काळा झाला. पहिल्याच कपड्याच्या दुकानातून कोणीतरी उठून विचारलं, “शेठजी, हे कोणाची सायकल?”

बापूजी थांबले. “कवडू मिस्तरीची. माहा पोर्च यायनं बांधला. चांगला बांधला. खराब म्या केला.”

मग पुढचं दुकान. तिथे कोणी विचारलं नाही, तरी ते थांबले आणि तेच बोलले. पुढे लोहाराकडे, पानठेल्यावर, एस.टी. स्टँडच्या हॉटेलात. प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा फाटत गेला, पण खाली आला नाही.

कवडू चार पावलं मागून येत होता. लोक दारादारांत उभे राहून त्याच्याकडे पाहत होते, आणि मोकळे हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.