हेमांगीच्या मापाची

चुडामण नानांच्या मते अंगाबरोबर बसणारी वस्तू घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वस्तू घ्यायची ती वाढत्या मापाची. लेकीला पहिलीत घेतलेले बूट तिसरीपर्यंत पुरले, हे ते आजही कौतुकाने सांगायचे. पहिल्या वर्षी ते बूट तिच्या पायात कमी आणि हातातच जास्त असायचे, एवढं मात्र सांगायचं राहून जायचं.

त्यात सगळा जन्म धरणगाव-जळगाव रस्त्यावर प्रवासी जीप चालवण्यात गेलेला. "जरा सरका भो, आखो एक जन बसस," हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. बसायची जागा ऐसपैस असावी आणि तरीही तिच्यात आणखी थोडी जागा निघावी, यापलीकडे सीट या विषयात काही शिकण्यासारखं असतं असं त्यांना कधी वाटलं नाही. अशा माणसाने शर्यतीच्या गाडीची सीट निवडायला जावं, म्हणजे पुढे काय होणार ते दिसतच होतं.

गाडी होती लेकीची, हेमांगीची. एकुलती एक. ठिबकच्या नळ्या तपासायच्या नोकरीसाठी ती जळगावला आली आणि तिच्यामागून आईबापही धरणगावचं घर बंद करून जळगावातच मेहरूणला राहायला आले. तिने एक जुनी झेन घेतली आणि बापलेकीने मिळून ती पार सोलून काढली. मागची सीट गेली, गालिचे गेले, दारांची अस्तरं गेली. ही गाडी रस्त्यावर फिरवायची नव्हतीच. धुळ्याच्या पुढे एका बंद सूतगिरणीच्या सिमेंटच्या आवारात काही हौशी पोरं शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखत. एकेक गाडी एकटीच सुटायची आणि कोण किती लवकर परत येतं ते बघायचं. हेमांगीने तिथे दोनदा गाडी चांगली चालवली होती. दिवाळीआधीच्या मोठ्या शर्यतीत मात्र साधी सीट चालणार नव्हती. घट्ट बसवलेली शर्यतीची सीट आणि खांद्यावरून येणारे पट्टे, असा नियम होता.

लेक कामावर असताना नाना गुपचूप धुळ्याला गेले. पारोळा रोडला हितेंद्रचं दुकान होतं. बाहेरगावच्या शर्यतींतल्या जुन्या सीटा आणून तो विकायचा, आणि हेमांगीला शर्यतींमुळे ओळखायचा.

"भाऊ, ही ताईंना मोठी होईल," हितेंद्र म्हणाला. "त्यांना घेऊन या ना एकदा."

"पोर शे भो," नाना म्हणाले. "आते बारीक दिखस, पन अंग भराई. लगीन व्हई, लेकरं व्हतीन. तरी पुराले जोयजे."

नानांनी दुकानातली सगळ्यात रुंद सीट उचलली, जीपमध्ये दोरीने बांधली आणि घरी येऊन लेकीपुढे ठेवली. हेमांगी तिच्यात बसली. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट राहिली.

"कशी शे?" नानांनी विचारलं.

"चाली जाई, नाना," हेमांगी म्हणाली आणि हसली. नानांना त्या रात्री जेवण जास्तच गेलं.

पुढच्या रविवारी सरावाला नाना बरोबर गेले. शंकूंच्या पलीकडे, टायरांच्या थप्पीजवळ उभे राहिले. पहिली वळणं हेमांगीने छान घेतली. मग एक लांब डावं वळण आलं, गाडी अर्ध्यात असताना डोलली, गर्रकन फिरली आणि टायरांवर जाऊन आदळली. नाना धावले. या वयात आपण इतकं धावू शकतो हे त्यांना पोहोचल्यावर कळलं. हेमांगी स्वतःच बाहेर आली. गुडघा सुजला होता, कोपर सोललं होतं, बाकी सगळं ठीक होतं. "मनाच हात चुकना," ती म्हणाली. नानांनीही मान डोलावली. चूक होते, पोर शिकते आहे.

घरी हेमांगीच्या आईने, कमलबाईंनी, गुडघ्याला आंबेहळदीचा लेप लावला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घरात भांडं वाजलं तरी नाना दचकत. म्हणून ते खाली गाडी साफ करायला गेले.

सीट झाडताना त्यांच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर गुंडाळलेला टॉवेल निघाला. दुसऱ्या बाजूलाही टॉवेल. पाठीमागे घडी घालून दाबलेली जुनी ओढणी, बुडाखाली गोधडीचा तुकडा. सीट रिकामी झाली तेव्हा बोनेटवर कपड्यांचा ढीग झाला होता. हेमांगी लंगडत खाली आली आणि तो ढीग बघून थांबली.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

"आंग हालस ना, नाना. म्हनीसन."

"म्हंजे वळनवर..."

तिने खाली बघितलं. मग सांगितलं. वळणावर अंग दाराकडे घसरायचं. टॉवेल दबून सपाट व्हायचे. मग तोल जाऊ नये म्हणून ती स्टेअरिंगलाच धरून राहायची, गुडघा दाराला टेकवायची. ज्या हातांनी गाडी वळवायची त्याच हातांनी स्वतःला सावरत होती. आज सावरता सावरता स्टेअरिंग ओढलं गेलं.

"मंग काबर सांगं नही?"

"तुम्ही इतला हौसथीन सीट लई उनात. कसं सांगू?"

टायरांच्या जागी भिंत असती तर, एवढंच नानांच्या डोक्यात फिरत राहिलं. वर गॅलरीत कमलबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तिले कधी इचारं का तुम्हीन?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

शर्यत दोन आठवड्यांवर आली होती. ही सीट लावून लेक उतरणार नाही, हे नानांनी तिथेच ठरवलं. नीट बसणारी सीट मिळाली नाही तर शर्यत गेली, आणि त्या शर्यतीसाठी पोरीने वर्षभर एक सुट्टी घरात काढली नव्हती. शनिवारी ती मोठी सीट पुन्हा जीपमध्ये चढली आणि या वेळी शेजारी हेमांगी बसली. पारोळ्याला चहा घेतला तेव्हा दोघंही फक्त कपातच बघत होते.

हितेंद्रने जुनी सीट मुकाट्याने उतरवून घेतली. हेमांगीला शर्यतीचा जाड पोशाख चढवायला सांगितलं, कारण साध्या कपड्यांत घेतलेलं माप फसवतं. मग नानांना म्हणाला, "भाऊ, गाडीत दोन गोष्टी माणसाला धरतात, पट्टे आणि सीट. पट्टे पुढे जाऊ देत नाहीत. बाजूला जाऊ द्यायचं नाही हे सीटचं काम. कंबर हलली नाही पाहिजे, आणि पाठीतलं पट्टा ओवायचं भोक खांद्याच्या खाली नको. बाकी ताई सांगतील."

ताई काय सांगणार? पहिल्या सीटमध्ये बसली. "चाली जाई, नाना." दुसरी लाल, नव्यासारखी, नानांच्या मनात बघताक्षणी भरलेली. तिच्यात बसली. नानांचा चेहरा बघितला. "हाई बी चाली जाई."

नाना लाल सीट उचलायला वाकले आणि तसेच थांबले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. स्वेटर चाली जाई, दप्तर चाली जाई. लेक गुणाची आहे, कशाला नाही म्हणत नाही, असं ते जीपमधल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. त्यांना आता त्या कौतुकाची लाज वाटली.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "चाली जाई सांगू नको. खोड काढ."

"नाना, चांगली शे ना."

"खोड काढ. काढाबिगर आपन घर जात नही."

हेमांगीने हितेंद्रकडे बघितलं. तो समंजस माणूस, एकदम नटबोल्टचे डबे लावण्यात गुंतला. मग अगदी हळू, जणू कुणाची चहाडी करते आहे अशी म्हणाली, "कमरमा ढिली शे."

"आखो?"

"पट्टा खांदाखाले येस."

"आखो?"

"लाल रंग मले आवडत नही."

नाना हसायला लागले. "आखो सांग."

"सायकल बी उच्ची व्हती, नाना."

"कोनती सायकल?"

"पाचवीनी. पाय पुरेत नही. उतराले ओटा धुंडना पडे."

नानांना ती सायकल आठवली. पोर ओट्यापाशीच का थांबते म्हणून ते तिला चिडवायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. "मना चुकनं, बेटा," ते म्हणाले. हेमांगीने मान हलवली, पण तिचेही डोळे भरले होते.

हितेंद्रने मागच्या खोलीतून आणखी एक सीट आणली. काळी, कापड विटलेलं, बघायला अगदीच बापुडवाणी. आणि अरुंद.

"चेपाई जाशी, बेटा," नाना म्हणाले.

हेमांगी काठावर हात टेकून आत उतरली. आधी अडली, मग अंग आत गेलं. खांदे मागे टेकले. तिने कंबर हलवून बघितली, हलली नाही. श्वास घेतला, तो पुरला.

"नही नाना," ती म्हणाली. "धरी ऱ्हायनी मले."

"भाऊ, खांद्याला धरून जोरात हलवा," हितेंद्र म्हणाला. "तुम्हालाच खात्री पटेल."

नाना घुटमळले. पोर मोठी झाल्यापासून त्यांनी तिला असं कधी धरलं नव्हतं. पाठीवर थाप, डोक्यावर हात, तेवढंच. त्यांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं. हेमांगी हलली नाही. वर बघून नुसती हसत होती. सीटही तिच्या जागेवरून हलली नाही, कारण हितेंद्रने ती पायाने दाबून धरली होती.

"आता घाई नको," हितेंद्र म्हणाला. "निवांत बसून बघा. टोचायचं असेल तर थोड्या वेळाने टोचतं."

तो हिशेबाला कोणीतरी आलं म्हणून पुढे गेला. नाना एका टायरवर बसले. विचारत राहिले, पाठीला लागतं का, बरगडीला लागतं का. आधी उत्तरं आली, मग तुटक आली, मग आलीच नाहीत. नानांनी वाकून बघितलं. आठवडाभर दुखऱ्या गुडघ्याने नीट न झोपलेली हेमांगी झोपून गेली होती. मान कलली नव्हती, हात मांडीवर मोकळे पडले होते. ते हात कशालाही धरून नव्हते.

नाना बघत राहिले. किती लहान होती ती. इतकी वर्षं ते जिच्या मापाचं घेत होते ती पोर अजून यायचीच होती, आणि ही, एवढीशी, रोज त्यांच्यासमोर उभी राहून चालवून घेत होती. त्यांना तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की बसल्या जागी कसंतरीच झालं.

हितेंद्र परत आला. "कशी आहे मग सीट? उठवायचं का ताईंना?"

"नको," नाना हळूच म्हणाले. "उठनी का मंग तिलेच इचारा."