चढले की चढत होते

"म्हणजे मी त्यांना वर येऊ दिलं असतं, तर गुन्हा झाला असता?" जहाजावरच्या आचाऱ्याने विचारलं.

सरकारी वकीलबाई कोर्टाच्या जिन्यात थांबल्या. "चाचेगिरीला कलम आहे, काका. पण नुसत्या प्रयत्नाला, तेही आपल्या हद्दीबाहेरच्या समुद्रात, कलम शोधून शोधून डोळे गेले माझे. जहाजावर पाय पडला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ते सुटल्यात जमा. मी तुम्हाला काही शिकवत नाहीये हं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. शिकवायचं काम बायकोने हाती घेतलं.

"चढले म्हणा. एका शब्दाने काय जीभ झडणार आहे? या हाताने साधी सुरी धरवत नाही तुम्हाला. जहाजावरची नोकरी गेली. आणि ते मोकाट फिरणार?"

तिचं तरी काय चुकलं? त्या दिवशी तो खरकटं टाकायला जहाजाच्या मागच्या बाजूला गेला, तर खालच्या होडीतून फेकलेल्या शिडीचा आकडा कठड्यात अडकलेला. शिडीवर कोयते घेतलेली माणसं. आरडाओरडा करायचा सोडून या शहाण्याने आकडाच उपटला. माणसांसकट शिडी खाली गेली, जाताना त्याची तीन बोटं घेऊन गेली. त्या माणसांना मागाहून नौदलाने समुद्रातच पकडलं.

तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आरोपींपैकी एकजण त्याच्याकडे बघून चक्क हसला. आचाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आरोपींचा वकील उठला. "चढले, की चढत होते? एवढंच सांगा."

'चढले' अगदी जिभेवर आलं. मागच्या बाकावर बायको श्वास रोखून बसली होती. पण जन्म दुसऱ्यांची पोटं भरण्यात गेलेल्या या माणसाने छातीठोकपणे सांगावी अशी एकच गोष्ट केली होती, त्यांना चढू दिलं नव्हतं. तीच आता स्वतःच्या तोंडाने खोटी पाडायची?

"चढत होते," तो म्हणाला.

बायकोने डोळे मिटले. न्यायाधीशांनी टंकलेखिकेला मजकूर सांगितला, "आरोपी जहाजावर चढले नाहीत." आरोपींचा वकील समाधानाने खाली बसला.

"साहेब, अर्धंच झालं," आचारी म्हणाला.

"काय राहिलं?"

"मी चढू दिलं नाही. तेवढं लिहा."

"त्याने निकालात काही फरक पडेल असं नाही."

"ते कळलं, साहेब. तरी लिहा."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि टंकलेखिकेला मानेनेच खूण केली. ओळ पुरी होईपर्यंत आचारी पिंजऱ्यातून उतरला नाही.