ढील, हिसका आणि मावशींचा तळहात

“आधी ताण येऊ द्या, मग निघा.” आमच्या उड्डाणशाळेत दोर तपासणाऱ्या मावशींचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी कोरा करकरीत होतो.

मित्रांनो, आता मी एक जुना दोर आहे, चांगला पाऊणशे पावलं लांब. माझं एक टोक विमानाच्या शेपटीला, दुसरं ग्लायडरच्या नाकाला. ग्लायडरला इंजिन नसतं; त्याला उंच नेऊन सोडायचं, हे आमचं काम. तुम्हाला वाटेल, त्याचा सगळा भार माझ्यावर. छे! भार तोलतात त्याचे पंख. मी सोसतो ती वाऱ्याची अडवणूक आणि चढाची ओढ. एकसारखी ओढ मला कधीच जड गेली नाही. भय वाटतं ते ढिलाईचं. ढील पडली की तिच्यामागून हिसका येतो, आणि त्याच्यापुढे भलेभले दोर हात टेकतात. म्हणून माझ्या टोकाला एक कच्ची कडी असते. ताण हाताबाहेर गेला, की ती मुद्दाम आधी तुटते आणि विमानं वाचतात.

रोज सकाळी मावशी डोळे मिटून मला उघड्या तळहातातून सरकवायच्या. डोळ्यांना न दिसणारा तुटका धागा तळहाताला टोचतो, म्हणायच्या. मग कडी निरखायच्या. विमानवाले काका चिडवायचे, की दोराची नाडी बघताय की जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ काढताय? मावशी म्हणायच्या, तुमचंच शेपूट सांभाळतेय. त्या तळहाताचे उपकार मी कसे विसरू?

एकदा एक शिकाऊ पोरगी एकटीने निघाली. वर वाऱ्याच्या झोताने ग्लायडर उचललं गेलं. विमानामागच्या आपल्या जागेवर यायला तिने नाक खाली दाबलं, वेग वाढला आणि मी मधेच सैल लोंबलो. ती जरा थांबती, तर मी हळूहळू ताठ झालो असतो. पण घाबरून तिने नाक झटकन वर ओढलं. हिसका बसला, कडी तुटली.

पोरगी सुखरूप उतरली, पण सगळ्यांची बोटं मावशींकडे वळली. कडी झिजलेली असणार, यांनी पाहिलीच नसणार. “पाहिली होती,” एवढंच त्या म्हणाल्या. ठरलं, की मी भंगारात जाणार आणि तपासणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं जाणार. मला सगळं ठाऊक होतं; पण दोराला कुठे तोंड असतं?

मित्रांनो, दोर चिखलातून फरफटवू नका, गाठी मारून फेकू नका. आणि जो हात तुमच्यासाठी रोज गुपचूप राबतो, त्याच्यावर बोट उचलण्याआधी घटकाभर थांबा.

संध्याकाळी मुख्य शिक्षक मला न्यायला शेडमध्ये आले. मावशी मला शेवटचं गुंडाळत होत्या. त्यांच्यामागून आलेली ती पोरगी दारातच उभी राहिली. मग पुढे येऊन तिने माझं टोक घट्ट धरलं.

“सर, चूक मावशींची नाही. ढील पडली तेव्हा मीच नाक वर ओढलं. माझं एकटीने उडणं बंद कराल, म्हणून बोलले नाही.” मग ती मावशींकडे वळली. “मावशी, तुमची कडी नेमकी वेळेवर तुटली, म्हणून मी आज इथे उभी आहे.”